वैजूकडे जेवायला

“‘वैजू, भूक लागलीय’ असं म्हणू, की सरळ ‘वैजू, पान वाढ’ म्हणू?” दिगंबररावांनी मागच्या सीटवरून विचारलं.

समोर सांबराचा थोरला भाऊ शोभावा असं एक जनावर रस्त्याच्या मधोमध उभं होतं. डोक्यावर शिंगांचं झाड. तिकडे त्याला एल्क म्हणतात. आमची गाडी आपल्याला पसंत आहे की नाही, याचा ते शांतपणे विचार करत होतं. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो होतो.

“दादा, आधी हे जनावर जाऊ दे,” मंदा म्हणाली.

“जनावर जाईल गं. त्याला कुठे कुणाला काही सांगायचंय.”

मंदा माझी बायको, आणि दिगंबरराव टिल्लू तिचे थोरले भाऊ. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. तपासणीला गेले की शाळेचा चहासुद्धा घेत नसत, घरून नेलेलं ताक पीत. कॅनडातल्या बॅन्फला आम्ही एक तळं पाहायला गेलो होतो. पाण्याचा रंग असा, की बघणाऱ्याची वाचाच बसावी. दिगंबरराव काठाकाठाने एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “परिसर स्वच्छ आहे. एकूण समाधानकारक.” त्या तळ्याला आजवर मिळालेला हा सर्वांत सावध अभिप्राय असावा.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परदेशी ते एकदाच गेले, आणि तेही तळी बघायला नव्हे. त्यांना आपल्या मुलीकडे जेवायचं होतं. वैजयंती आणि तिचा नवरा कॅनडाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, जॅस्परच्याही पलीकडे, एका लॉजवर कामाला होते. ती तिथली मुख्य स्वयंपाकीण. आमचा मुलगा कॅल्गरीला. त्याला रजा नव्हती, म्हणून त्याने गाडी दिली आणि हजार सूचना दिल्या. उलट्या बाजूने गाडी चालवायला मी त्या वयात शिकलो, ते मेहुण्याच्या एका जेवणासाठी.

एल्कने शेवटी आम्हाला नापास केलं आणि ते झाडीत निघून गेलं.

“‘पान वाढ’ म्हणजे हुकूम झाला,” मी गाडी सुरू करत म्हणालो. “‘भूक लागलीय’ ही विनंती.”

“विनंती कशी करायची श्रीपतराव? मी बाप आहे तिचा.”

“मग हुकूम करा.”

“हुकूम तरी कुठल्या तोंडाने करू?”

मग दिगंबररावांनी तोडगा काढला.

“मंदे, तू वैजू हो. मी दारात आलोय असं समज.”

“मी वैजू असते, तर दारातून आत घेतलं नसतं तुला.”

“तशी नको गं. जरा बऱ्यापैकी वैजू हो.”

मंदाने सुस्कारा सोडला आणि आवाज बदलला. “या बाबा. प्रवास कसा झाला?”

“समाधानकारक.”

“समाधानकारक काय रे! मुलगी विचारतेय, मुख्याध्यापक नाही विचारत.”

“बरं, बरं. छान झाला गं. म्हणजे, लांब आहे फार. म्हणजे, तू फार लांब...” ते थांबले. “पुन्हा घेऊ.”

“घे.”

“या वेळी तू जास्त बोलू नकोस. नुसती दार उघड.”

मंदाने हवेत दार उघडलं. आरशात मला दिगंबरराव दिसत होते. मफलर गुंडाळलेला, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आवाज मात्र फुटत नव्हता. बाहेर पिवळ्याजर्द झाडांच्या रांगा जात होत्या. लार्च म्हणतात त्यांना. पाइनच्या जातभाईंत यांचीच पानं पिवळी होऊन गळतात. त्या आठवड्यात वाऱ्याची झुळूक आली, की रस्त्यावर पिवळ्या सुया पसरत होत्या.

खरं तर आम्ही तीन दिवसांपूर्वीच पोचायला हवं होतं. कॅल्गरीहून निघाल्यापासून दिगंबररावांचा मुक्काम कुठूनच लवकर हलत नव्हता. “एवढे आलोय तर हे तळं बघून घेऊ.” तळं झालं की धबधबा. धबधबा झाला की खिंड. तळ्यांचं त्यांना काही कौतुक नव्हतं. सगळ्यांना सारखेच गुण देत होते. पण पाटी दिसली रे दिसली, की म्हणायचे, “थांबा जरा.” आधी मला वाटलं, म्हातारा हौशी आहे. नंतर लक्षात आलं की घाबरलाय. त्या आठवड्यात आम्ही जितकी तळी पाहिली, तितकी आमच्या मुलाने तिथे राहून कधी पाहिली नाहीत. आणि रोज सकाळी गाडीच्या काचेवरचं दव थोडं अधिक कडक झालेलं असायचं.

आता मात्र तळी संपली होती. परवाचं विमान होतं. आणि हवामान खात्याने त्या दिवशी दुपारपासून मोठ्या बर्फाचा इशारा दिला होता.

त्या दिवशी सकाळी मोटेलात दिगंबररावांनी नाश्ता केला नाही. मंदाने बरोबर आणलेली दशमी पुढे केली, तीही बाजूला सारली.

“पोट रिकामं असलेलं बरं. तिने आग्रह केला तर नाही कसं म्हणणार?”

“ती काय म्हणाली फोनवर?” मी विचारलं.

“म्हणाली, ‘या बाबा. जेवणाची काळजी करू नका, मी बघते सगळं.’” हे वाक्य ते आदल्या दिवसापासून मला निरनिराळ्या चालींत ऐकवत होते. “‘मी बघते सगळं’ म्हणाली. म्हणजे करणार असणार ना काहीतरी?”

“करणारच.”

“‘सगळं’ म्हणाली.”

वाटेत हिमनदीपाशी थांबलो. दिगंबररावांचा हा शेवटचा थांबा, कारण पुढे बघण्यासारखं काही नाही, असं नकाशाच सांगत होता. डोंगराच्या घळीतून बर्फाची मोठी जीभ खाली उतरलेली. अमुक वर्षी बर्फ इथपर्यंत होतं, तमुक वर्षी तिथपर्यंत, अशा पाट्या दगडांत रोवलेल्या. वारा अंगात सुया टोचत होता. मंदा गाडीतच बसली. आम्ही दोघे मेहुणे पाट्या वाचत चढलो, आणि एका दगडावर टेकलो.

“श्रीपतराव, वसईला काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे?”

ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वैजूने अँड्र्यू तुस्कानोशी रजिस्टर लग्न केलं. वसईचा ख्रिस्ती मुलगा, हॉटेलच्या धंद्यातला, तिच्याच कॉलेजातला. दिगंबररावांनी ना आरडाओरडा केला, ना दार बंद केलं. फक्त दोन वर्षं तिच्याकडे गेले नाहीत. मग वहिनींच्या, म्हणजे वैजूच्या आईच्या, हट्टाखातर एकदा वसईला गेले. वैजूने चारीठाव स्वयंपाक केला होता. दिगंबरराव पाटावर बसायला तयार नव्हते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, लेकीच्या घरी तिला मूलबाळ होईपर्यंत आम्ही पाण्याचा थेंबही घेत नाही, आमच्यात रीत आहे.

“तशी रीत होती ना तुमच्यात?” मी विचारलं.

“आजोबांच्या वेळी होती म्हणतात. मंदा तुमच्याकडे आली, तेव्हा आमचे वडील महिन्यातून एकदा तरी येऊन जेवून जायचे ना?”

“बासुंदी असली की दोनदा यायचे.”

“मग? कुणी पाळत नव्हतं हो. मी ती उकरून काढली. जावई ख्रिस्ती आहे म्हणून जेवत नाही, असं तोंडावर म्हणायची छाती नव्हती. रीत म्हटलं की कुणाला राग येत नाही. असं मला वाटलं.”

खाली वाहनतळावर एक बस थांबली आणि माणसं फोटो काढायला पसरली.

“साखरभात केला होता तिने. मला आवडतो म्हणून. केशर कुठून आणलं असेल, देव जाणे, दोघांची तेव्हा कसली नोकरी होती! आणि मी म्हणालो, ‘मूलबाळ होऊ दे, मग येऊन पोटभर जेवेन.’ हसत म्हणालो, श्रीपतराव. हसत.”

पुढचं ते पाटीकडे बघून बोलले.

“त्याच्या आदल्याच महिन्यात तिचं पोटातलं गेलं होतं. पाचवा चालू होता. कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त आईला. आईने मला नाही सांगितलं. मागच्या वर्षी हॉस्पिटलात शेवटी शेवटी सांगितलं. म्हणाली, ‘तुम्ही काय बोलून आलात, ते तुम्हाला कळलंच नाही.’” त्यांनी मफलर सारखा केला. “पुढे झालंच नाही तिला. तेव्हापासून दर दिवाळीला फोन करते. चौकशी करते. आवाजात एक रेघ इकडची तिकडे नाही. जेवायला या, असं मात्र म्हणाली नाही कधी. काल पहिल्यांदा म्हणाली, ‘मी बघते सगळं.’”

ते उठले, आणि उतरताना म्हणाले, “आज बोललोच पाहिजे मला. नाहीतर हे असंच राहील हो.”

लॉज मुख्य रस्त्यापासून आत होतं. फाट्यावर एक लोखंडी फाटक होतं, रेल्वेच्या फाटकासारखं वर उचललेलं. पलीकडे नारिंगी जाकिटातला एक माणूस जीपमध्ये बसून कॉफी पीत होता. त्याने आम्हाला थांबवून सांगितलं की बर्फ धरायला लागलं की तो फाटक पाडणार, बाहेर येणाऱ्यांना सोडेल, आत कुणालाच सोडणार नाही. मी त्याचे आभार मानले. दिगंबररावांनी नियमाबद्दल पसंतीची मान हलवली.

लॉजवर हंगामाची आवराआवर चालू होती. होड्या पाण्यातून काढून पालथ्या घातलेल्या, बाहेरच्या खुर्च्या साखळीने बांधलेल्या. तळं शिशासारखं पडलं होतं. लोकरी टोपी घातलेला एक माणूस खिडक्यांना फळ्या ठोकत होता, तो हातोडी टाकून धावत आला.

“या आत्या, या काका! नमस्कार बाबा.” आणि अँड्र्यू दिगंबररावांच्या पायाशी वाकला. दिगंबररावांना पाय मागे घ्यायला वेळच मिळाला नाही. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला, तो अर्ध्यावर राहिला, मग त्याच हाताने त्यांनी त्याच्या टोपीवरचा भुसा झटकला.

“थंडी आहे हो इथे,” ते म्हणाले.

“ही तर सुरुवात आहे बाबा,” अँड्र्यू हसला.

वैजू मागून आली. जाड स्वेटर, केस वर बांधलेले, आणि कपाळावरची पांढरी बट थेट वहिनींसारखी. ती मंदाला कडकडून भेटली, मला नमस्कार केला, आणि वडिलांसमोर जरा अंतर ठेवून उभी राहिली.

“बारीक झालात बाबा.”

“नाही, नाही. समाधान... बरा आहे मी.”

मंदाने माझ्याकडे पाहिलं. एवढी प्रगती तिला अपेक्षित नव्हती.

“काका, तुम्हाला जेवून लगेच निघावं लागेल,” अँड्र्यू मला म्हणाला. “तीननंतर कधीही रस्ता बंद करतील. एकदा बंद झाला, की बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत आम्हीसुद्धा अडकतो. तुमचं विमान चुकेल.”

“मग आधी जेवूनच घेऊ,” वैजू म्हणाली. “भूक लागली असेल ना?”

दिगंबररावांचा चेहरा उजळला. आठवडाभर जे वाक्य त्यांच्या ओठांवर अडकून बसलं होतं, ते तिनेच घेतलं होतं. त्यांनी घाईघाईने मान हलवली. “हो. लागलीय तर खरी. सकाळपासून काही खाल्लं नाही मी.”

“चला तर.” आणि ती लॉजच्या मोठ्या दारातून आत शिरली.

आत लांबच लांब डायनिंग हॉल होता. टेबलं निम्मी उचललेली. खिडकीपाशी एक टेबल मांडलेलं, त्यावर पांढरं कापड, तीन ताटं.

“इथे?” दिगंबररावांनी विचारलं.

“हो बाबा. हॉलचा आज शेवटचा दिवस.” तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. “तुम्ही अगदी निर्धास्त जेवा. मी मुद्दाम सुट्टी घेतलीय आज. सकाळपासून किचनमध्ये पाऊल टाकलं नाही. सगळं रोझालीच्या हातचं आहे. हे काही माझं घर नाही, आणि जेवणाला माझा हातही लागलेला नाही.”

दिगंबरराव खुर्ची धरून उभे राहिले.

“फोनवर म्हटलं होतं ना, मी बघते सगळं,” वैजू म्हणाली. “मला तुमची उपासमार करायची नव्हती.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी आयुष्यभर माणसांच्या बोलण्यातले टोमणे हुडकत आलोय, मला कळतं. पाहुण्याला मधुमेह असला तर आपण बिनसाखरेचा चहा करतो, तशी साधी काळजी होती ती.

बसलो. रोझाली नावाच्या हसतमुख बाईने सूप आणलं, बटाटे आणले, भाज्या आणल्या, गरम पाव आणला. वैजू आमच्याबरोबर जेवली नाही. अँड्र्यूला फळ्या ठोकायच्या होत्या. ती शेजारी बसून मंदाला गुडघ्याचं विचारत राहिली. टेबलाखाली माझ्या नडगीवर मंदाची एक सणसणीत लाथ बसली. ती दिगंबररावांसाठी होती, माझी मधे आली. मी ती पुढे पोचती केली.

दिगंबररावांनी चमचा खाली ठेवला.

“वैजू.”

“काय बाबा?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मंदाचा गुडघा मध्येच थांबला.

“मीठ दे जरा,” दिगंबरराव म्हणाले.

तिने मीठ सरकवलं. सुपात मीठ पुष्कळ होतं. त्यांनी आणखी घातलं आणि ते सगळं संपवलं.

बाहेर पडलो तेव्हा आकाश खाली आलं होतं. बर्फाच्या एक-दोन पाकळ्या पडायला लागल्या होत्या. अँड्र्यू हातातल्या घड्याळाकडे बघायचं टाळत होता, म्हणजे बघत होता.

“घर तरी दाखव गं,” मंदा म्हणाली. “एवढे आलोय तर.”

वैजू क्षणभर घुटमळली. “हो, या ना. छोटंसंच आहे.”

लॉजच्या मागे लाकडी केबिनींची रांग होती, त्यांतली शेवटची त्यांची. तिने दार उघडलं आणि आम्ही आत पाय ठेवला.

आत साखरभाताचा वास होता.

केशर, लवंग, साजूक तूप. दारं-खिडक्या थंडीसाठी घट्ट लावलेल्या, त्यामुळे वासाला बाहेर जायला वाट नव्हती. लाकडाच्या भिंतींत तो मुरला होता. ओट्यावर मोठमोठी पातेली घासून पालथी घातलेली. एक, दोन, आणि बाजूला कढई. एका माणसाच्या पोटभर जेवणाची तयारी नव्हती ती. कार्याची होती.

शेवटी मंदाच म्हणाली, “काय केलं होतंस गं?”

“काही नाही आत्या. काल बसल्या बसल्या उगाच. मग सकाळी विचार केला, बाबांना उगीच अवघडल्यासारखं होईल. समोर असलं की माणसाला नको म्हणणं जड जातं. वाटून टाकलं स्टाफला. सगळं.”

“सगळं नाही, तो एक डबा—” अँड्र्यू दारातून म्हणाला.

“सगळं,” वैजू म्हणाली.

अँड्र्यू गाडीच्या काचा साफ करायला निघून गेला.

दिगंबरराव त्या खोलीत मधोमध उभे होते. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, आता. मंदालाही वाटलं असणार, कारण तिने माझी बाही धरली.

“वैजू,” ते म्हणाले. “जरा पाणी दे गं.”

एवढंच. आठवडाभर घोकलेल्या वाक्यांतलं हे एकही नव्हतं. म्हणून तर खरं होतं. पाण्याचा थेंबही घेत नाही म्हणून सांगून आलेला माणूस तिच्या घरात उभा राहून पाणी मागत होता. यापुढे आणखी काय बोलायचं?

वैजूने त्यांच्याकडे बघितलं. मग ती वळली. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज झाला. ती परत आली, तेव्हा तिच्या हातात विकतची बाटली होती.

“कालच पेट्रोल पंपावरून आणून ठेवली होती. म्हटलं, वाटेत लागेल तुम्हाला. हे बघा, सील आहे.” तिने झाकण त्यांच्यासमोर धरलं. “नियमात बसतं ना बाबा?”

शाळेत तपासनीस आला, की एखादी हुशार मुलगी वही पुढे करून उभी राहते, तशी ती उभी होती.

“अगं, त्याला तुझ्या नळाचं पाणी हवंय!” मंदाचा बांध फुटला. “तुझ्या घरचं! तुझ्या हातचं! त्याच्यासाठी एवढा लांब आलाय तो, आठवडाभर आमचं डोकं खातोय!”

वैजू मंदाकडे बघत होती. मग तिने हळूच वडिलांकडे बघितलं.

“हो, बाबा?”

तिचा दुसरा हात वर गेला होता. ओट्यावरच्या फळीवर स्टीलची भांडी पालथी होती. तिची बोटं त्यांतल्या एका भांड्याला लागली होती. तिचा चेहरा मी तिच्या लग्नाआधी पाहिला होता, तसा झाला होता. विशीतला.

दिगंबररावांनी बाटलीकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. सगळे आपल्याकडेच बघतायत, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि साठ वर्षं ज्या सवयीने त्यांना चारचौघांत सांभाळलं, ती धावून आली.

“छे, छे! मंदी काहीतरीच बोलते,” ते म्हणाले, आणि हसले. “तू एवढं लक्षात ठेवून आणलंस. हेच बरं. हेच उत्तम.”

भांड्यावरची बोटं निघाली.

“हो ना,” वैजू म्हणाली. “मलाही तेच वाटलं.”

तिने बाटली त्यांच्या हातात दिली. मग वाकून नमस्कार केला, मंदाला जवळ घेतलं, मला म्हणाली, “काका, उतारावर ब्रेक दाबू नका, गिअरवर आणा.” अँड्र्यूने टायरांना लाथ मारून पाहिली आणि “पुढच्या वेळी राहायलाच या” म्हणाला. “येऊ, येऊ,” दिगंबरराव म्हणाले. वळणापर्यंत आरशात ती दोघं दिसत होती. मग बर्फाने आरसाच भरला.

गाडीत मंदा बराच वेळ बोलली नाही. ती बोलत नाही, तेव्हा गाडी चालवणं फार अवघड जातं.

“का रे दादा?” शेवटी तिने विचारलं.

“तिने इतकी व्यवस्था केली होती गं. सुट्टी घेतली, त्या बाईला सांगितलं, पाणी आणलं. मी ‘नको’ म्हटलं असतं, तर तिचे सगळे कष्ट वाया गेले असते.”

“अरे देवा!”

“आणि...”

“आणि काय?”

“काही नाही.” बाटलीच्या झाकणावर त्यांचा अंगठा फिरत होता. ते उघडत नव्हते. “आणि मी ‘हो’ म्हटलं असतं, आणि तिने दिलं नसतं तर?”

“हात लावला होता तिने भांड्याला! दिसलं नाही तुला?”

“दिसलं,” दिगंबरराव म्हणाले.

फाट्याशी आलो. बर्फ आता तिरपं, दाट येत होतं. नारिंगी जाकीटवाल्याने आम्हाला हात करून बाहेर काढलं, आणि आमच्यामागे फाटक खाली आणून कुलूप घातलं. मी मुख्य रस्त्याला लागण्यासाठी इंडिकेटर दिला.

“श्रीपतराव, गाडी वळवा,” मागून आवाज आला.

“काय?”

“वळवा गाडी. मला जेवायचंय तिच्याकडे.”

मंदा गर्रकन मागे वळली. मी काही न विचारता चाक फिरवलं, गाडी घसरत घसरत फाटकासमोर नेऊन उभी केली, आणि काच खाली केली. जाकीटवाला लगबगीने आला. तरुण, गोरा, लालबुंद नाकाचा, अतिशय सभ्य. मी त्याला सांगितलं की आम्हाला आत परत जायचंय. तो म्हणाला, माफ करा, रस्ता बंद झाला. मी म्हणालो, यांची मुलगी आत आहे. मंदा म्हणाली, प्लीज, प्लीज, फार महत्त्वाचं आहे. तो विचारात पडला. खिशातली किल्ली त्याने चाचपलेली मी पाहिली. मग तो मागच्या काचेपाशी गेला, वाकला, आणि दिगंबररावांनी काच खाली केल्यावर त्यांनाच विचारलं,

“सर, काही इमर्जन्सी आहे का? इमर्जन्सी असेल तर मी सोडू शकतो.”

मंदाने तोंड उघडलं होतं. पण प्रश्न दिगंबररावांना होता, आणि सरकारी गणवेशातल्या माणसाने विचारला होता. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. प्रामाणिकपणे विचार केला. बर्फ उघड्या काचेतून त्यांच्या मफलरवर साचत होतं.

“नो,” ते म्हणाले. “नो इमर्जन्सी. थँक यू.”

त्याने समाधानाने मान हलवली, गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, आणि आम्हाला सुखरूप जायला सांगितलं. दिगंबररावांनी त्याला हात केला आणि काच वर घेतली.